चीनला पहिला कंटेनर पाठवताय? तिथलं कस्टम आधी समजून घ्या

रत्नागिरीची मासळी असो, सुकी मिरची असो, विदर्भातला कापूस असो की चाकणच्या कारखान्यातले सुटे भाग, चीनला पहिल्यांदा माल पाठवणारा माणूस भाव, भाडं आणि पेमेंट या तीनच गोष्टी पक्क्या करतो. कस्टमचं काय, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "ते तिकडची पार्टी बघेल." निर्यातीच्या कागदपत्रांच्या कामात आणि दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या खरेदीदारांशी बोलताना हे वाक्य मी सगळ्यात जास्त ऐकलंय. चीनच्या बंदरात जो माल अडकतो, त्यातला बराचसा या एका वाक्यापायी अडकतो.

चीनमध्ये कस्टमच्या दारात पोचल्यावर दुरुस्त करता येईल असं फार थोडं उरतं. कारखान्याची नोंदणी, खोक्यावरचं लेबल, प्रमाणपत्राचा नमुना, मालाच्या वर्गीकरणाचा कोड हे सगळं न्हावा शेवाहून बोट सुटण्याआधी बरोबर असावं लागतं. हा लेख त्याच क्रमाने लिहिलाय. उदाहरणं मुख्यतः खाद्यमालाची आहेत, कारण सगळ्यात जास्त अडचणी तिथेच येतात. यंत्रं, रसायनं किंवा कापूस पाठवणाऱ्यांनी ३ आणि ४ क्रमांकाचे भाग चाळून पुढे गेलं तरी चालेल.

१. हे खातं कोण आहे, ते ओळखा

चीनचं कस्टम म्हणजे जनरल ॲडमिनिस्ट्रेशन ऑफ कस्टम्स. व्यापारात सगळे त्याला जीएसीसी म्हणतात, चिनी माणूस "हायग्वान" म्हणेल. मुख्यालय बीजिंगमध्ये, दर्जा मंत्रालयाचा आणि नेमणूक थेट स्टेट कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या केंद्रीय मंत्रिमंडळाच्या हाताखाली. आजच्या रूपात हे खातं ऑक्टोबर १९४९ मध्ये उभं राहिलं. ज्या कस्टम्स कायद्यावर ते चालतं तो १ जुलै १९८७ पासून लागू आहे आणि त्यात नंतर अनेकदा दुरुस्त्या झाल्या आहेत.

कायद्याने त्याला मुळात चार कामं दिली: येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर, वाहनांवर आणि सामानावर देखरेख, कर वसुली, तस्करीला आळा आणि परदेशी व्यापाराची आकडेवारी. पण नवख्या माणसाने लक्षात ठेवायचं वर्ष म्हणजे २०१८. त्या वर्षी आयात-निर्यात मालाची तपासणी आणि क्वारंटाइन करणारी वेगळी यंत्रणा कस्टममध्ये विलीन झाली. आपल्याकडे कस्टम वेगळं, एफएसएसएआय वेगळं, प्लांट क्वारंटाइन आणि ॲनिमल क्वारंटाइन वेगळं, पोर्ट हेल्थ वेगळं. चीनमध्ये सरहद्दीवरची ही सगळी कामं एकाच गणवेशातली माणसं करतात. कराचा हिशेबही तेच बघतात, कोळंबीत औषधाचा अंश आहे का तेही तेच बघतात आणि लाकडी पॅलेटवर कीड आहे का तेही तेच. त्यामुळे एका टेबलावर शंका आली की दुसऱ्या टेबलावरून माल काढून नेता येईल, हा आपल्याकडचा हिशेब तिथे चालत नाही.

दुसरी गोष्ट, हे खातं वरून खाली सरळ बांधलेलं आहे. प्रांताच्या सरकारचा त्याच्यावर हुकूम चालत नाही. बीजिंगच्या थेट हाताखाली ४२ कार्यालयं आहेत आणि त्यांच्या हाताखाली बंदरं, विमानतळ, नाकी. एकट्या ग्वांगडोंग प्रांतात अशी सात कार्यालयं आहेत: ग्वांगझौ, शेन्झेन, हुआंगपू, गोंगबेई, शांतोऊ, जियांगमेन आणि झानजियांग. खरेदीदार "ग्वांगझौला पाठवा" म्हणाला तरी माल हुआंगपू कस्टमच्या हद्दीत उतरू शकतो. म्हणून कोणत्या बंदरात आणि कोणत्या कस्टमकडे घोषणापत्र जाणार, हे दोन प्रश्न त्याला वेगवेगळे विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

एवढं केंद्रीकरण कशासाठी, याचं थोडं उत्तर इतिहासात मिळतं. १९ व्या शतकात चीनचं सागरी कस्टम परदेशी अधिकाऱ्यांच्या हाती होतं. रॉबर्ट हार्ट हा त्याचा इन्स्पेक्टर जनरल १८६३ पासून १९११ मध्ये मरेपर्यंत त्या पदावर होता. स्वतःच्या बंदरातली जकात परक्याने गोळा करायची, ही गोष्ट तिथे अजून विसरली गेलेली नाही. त्यांचे अधिकारी सभ्यपणे बोलतात, पण "थोडं ॲडजस्ट करा" हा सूर त्यांच्यासमोर लावू नका.

२. त्यांचं काम काय नाही, तेही ओळखा

चुकीच्या दारावर उभं राहण्यात नवख्यांचे बरेच दिवस जातात. कराचे दर कस्टम ठरवत नाही. ते काम कायद्याचं आणि स्टेट कौन्सिलच्या टॅरिफ कमिशनचं, कस्टम फक्त वसूल करतं. अँटी-डंपिंगची चौकशी वाणिज्य मंत्रालय करतं. माल कस्टममधून सुटून दुकानात गेला की तिथलं नियंत्रण बाजार नियमन खात्याकडे जातं. परकीय चलनाचं खातं वेगळं. विमानतळावर पासपोर्टवर शिक्का मारणारा माणूस इमिग्रेशनचा असतो, कस्टम त्याच्यापुढे, सामान घेतल्यावर लागतं.

३. तुमचा माल तिथे चालतो का, हे भाव ठरवायच्या आधी बघा

"भारतातून चीनला जातं" आणि "तुमच्या कारखान्यातून चीनला जाऊ शकतं" यात मोठं अंतर आहे. आधी देश आणि वस्तू ही जोडी मंजूर असावी लागते. ताज्या फळांचं उदाहरण घ्या. भारतातून आंबा आणि द्राक्षं यांना चीनने दार उघडलेलं आहे, पण तेही नोंदणीकृत बागा आणि पॅकहाउसपुरतंच. नाशिकचा शेतकरी द्राक्षं पाठवू शकतो म्हणून शेजारचा दुसरं कुठलंही फळ पाठवू शकेल, असं होत नाही. मंजूर देश आणि मंजूर वस्तूंच्या याद्या जीएसीसीच्या संकेतस्थळावर असतात. खरेदीदाराला सांगा की यादीतलं ते पान काढून पाठव. तो टाळाटाळ करत असेल तर तिथेच थांबा.

मांस, ताजी फळं, काही धान्यं अशा मालासाठी आयातदाराने चीनमध्ये आधी क्वारंटाइन परवाना काढावा लागतो. तो परवाना हातात येण्याआधी माल बोटीत चढवू नका. "पोचेपर्यंत होऊन जाईल" यावर विसंबणारे निर्यातदार मी पाहिलेत आणि त्यांचं नुकसानही पाहिलंय.

४. कारखान्याची नोंदणी: सगळ्यात जास्त वेळ इथे जातो

चीनमध्ये जाणारं खाणं ज्या परदेशी कारखान्यात तयार होतं, प्रक्रिया होतं किंवा साठवलं जातं, त्याची जीएसीसीकडे नोंदणी लागते. १ जानेवारी २०२२ पासून हुकूम क्रमांक २४८ ने हे सगळ्या खाद्यमालाला लागू केलं. त्यात १८ गट असे होते, ज्यांची शिफारस त्या देशाच्या सरकारी यंत्रणेने करायची: मांस, मासळी, दूध, अंडी, मध, खाद्यतेल आणि तेलबिया, धान्य, मसाले, सुका मेवा, न भाजलेली कॉफी वगैरे. बाकीच्यांनी स्वतः ऑनलाइन अर्ज करायचा. १ जून २०२६ पासून २४८ ची जागा हुकूम क्रमांक २८० घेतो. इंटरनेटवरचे बहुतेक मार्गदर्शक लेख २४८ वर लिहिलेले आहेत, म्हणून कुठलीही यादी वापरण्याआधी ती कोणत्या हुकुमाची आहे हे बघा.

मासळीच्या कारखान्याला आपल्याकडे एक्स्पोर्ट इन्स्पेक्शन कौन्सिल, म्हणजे ईआयसी, मंजुरी देते आणि शिफारस करते. एम्पेडा, म्हणजे सागरी उत्पादनांच्या निर्यातीचं सरकारी प्राधिकरण, त्याची नोंदणी ही वेगळी गोष्ट आहे, तीही लागते. फक्त एम्पेडाचं प्रमाणपत्र दाखवून "आमचं रजिस्ट्रेशन झालंय" म्हणणाऱ्या पुरवठादाराकडून चीनचा नोंदणी क्रमांक मागून घ्या. जीएसीसी कागद बघून, व्हिडिओवरून किंवा प्रत्यक्ष येऊन कारखाना तपासू शकते.

इथले सापळे असे:

- माल दुसऱ्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवत असाल तर त्या कोल्ड स्टोरेजचीही नोंदणी लागते. कोकणात हंगामात जागा कमी पडली की माल शेजारच्या स्टोरेजमध्ये जातो. चीनसाठीचा माल तसा हलवू नका.
- नोंदणी वस्तूनिहाय असते. कोळंबीसाठी नोंदलेल्या कारखान्यातून माकूल पाठवण्याआधी तुमच्या नोंदीत ती वस्तू आहे का, ते तपासा.
- २४८ खाली कारखान्याची जागा बदलली किंवा कायदेशीर प्रतिनिधी बदलला की नोंदणी पुन्हा नव्याने करावी लागे. घरच्या धंद्यात वडिलांच्या जागी मुलगा आला की ही गोष्ट हमखास विसरली जाते. नवीन हुकुमाखाली तुमच्या बदलाला कुठला नियम लागतो, हे ईआयसीकडून आधी विचारून घ्या.
- शिवाय भारतातल्या निर्यातदाराची आणि चीनमधल्या आयातदाराची, दोघांची कस्टमकडे स्वतंत्र नोंद लागते. कारखाना आणि निर्यातदार वेगळे असतील तर दोन्ही क्रमांक हवेत.

५. खोक्यावरचं लेबल

गोठवलेल्या मासळीच्या एका खोक्यावर काय काय असावं लागतं ते सविस्तर सांगतो, कारण कंटेनर उघडल्यावर अधिकाऱ्याची नजर आधी इथे जाते.

मजकूर चिनी आणि इंग्रजी, किंवा चिनी आणि निर्यातदार देशाची भाषा, असा दोन भाषांत हवा. मासळीचं व्यापारी नाव आणि शास्त्रीय नाव. आकार किंवा वजनाचा वर्ग, उत्पादनाची तारीख, बॅच क्रमांक, टिकण्याची मुदत, साठवणुकीचं तापमान. मासळी समुद्रात पकडलेली, गोड्या पाण्यात पकडलेली की तळ्यात वाढवलेली. समुद्रातली असेल तर कोणत्या सागरी क्षेत्रातली. ती जिथून-जिथून गेली त्या प्रत्येक ठिकाणाचं, म्हणजे मासेमारीचं जहाज, प्रक्रिया कारखाना, स्वतंत्र कोल्ड स्टोरेज यांचं, नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक. शेवटी, माल "चीनचे लोक प्रजासत्ताक" या देशासाठी आहे असं स्पष्ट लिहिलेलं असावं लागतं. नोंदणी क्रमांक बाहेरच्या खोक्यावर आणि आतल्या पाकिटावर, दोन्हीकडे लागतो.

वाकटीच्या एका कंटेनरचं उदाहरण देतो. खोकी नीट होती, मजकूर पूर्ण होता. पण कारखान्याने जुन्या आतल्या पिशव्या संपवायच्या म्हणून वापरल्या आणि त्यांच्यावर तोच क्रमांक एका आकड्याने वेगळा छापलेला होता. हेल्थ सर्टिफिकेटवर एक क्रमांक, खोक्यावर तोच, पिशवीवर दुसरा. मासळीला काहीही झालेलं नव्हतं, तरी कंटेनर रीफर पॉइंटला, म्हणजे शीत कंटेनरच्या वीजजोडणीला, लावून पडून राहिला आणि वीजभाडं, डेमरेज (मुदतीपलीकडे थांबल्याचा आकार), साठवण यांचं बिल रोज वाढत गेलं. पॅकिंग हॉलमध्ये उभं राहून एक खोकं आणि त्यातली एक पिशवी उघडून क्रमांक मोठ्याने वाचायला अर्धा मिनिट लागतो. तेवढं प्रत्येक बॅचला करा. छापखान्यात ऑर्डर देण्याआधी लेबलाची प्रत आयातदाराच्या कस्टम ब्रोकरकडून, म्हणजे कस्टमचं काम करणाऱ्या दलालाकडून, तपासून घ्या, फक्त आयातदाराकडून नव्हे.

पॅकिंगवर किंवा सोबतच्या माहितीपत्रकावर नकाशा छापू नका, अगदी शोभेचा जगाचा नकाशासुद्धा. अरुणाचल प्रदेश, अक्साई चिन आणि तैवान चीनच्या मांडणीप्रमाणे न दाखवणारे नकाशे तिथलं कस्टम जप्त करतं. २०१९ मध्ये चिंगदाओमध्ये असे हजारो नकाशे नष्ट केल्याची बातमी आपल्याकडेही गाजली होती. भारतीय नकाशा आपल्या कायद्याप्रमाणे छापला की तिथे चालत नाही, त्यांच्याप्रमाणे छापला की इथे गुन्हा होतो. नकाशाच नको.

६. कागदांची फाइल

ही यादी भिंतीला लावून ठेवण्यासारखी आहे:

- विक्री करार, इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट
- बिल ऑफ लेडिंग (माल बोटीत घेतल्याचा शिपिंग लाइनचा कागद)
- मासळी किंवा प्राणिज मालासाठी हेल्थ सर्टिफिकेट, चीनने मान्य केलेल्या नमुन्यातच
- वनस्पतिजन्य मालासाठी फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (माल कीड-रोगमुक्त असल्याचं)
- सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन (माल कोणत्या देशात तयार झाला त्याचं)
- लाकडी पॅकिंग असेल तर त्यावर आयपीपीसीचा ठसा (लाकडावर कीडनाशक प्रक्रिया झाल्याची आंतरराष्ट्रीय खूण)
- कारखाना, निर्यातदार आणि आयातदार यांचे नोंदणी क्रमांक
- लागत असेल तिथे क्वारंटाइन परवान्याची प्रत

ओरिजिन सर्टिफिकेटबद्दल दोन शब्द. भारत आरसेप या आशियातल्या मोठ्या व्यापार करारात नाही, त्यामुळे खरेदीदाराने सवयीने आरसेपचा फॉर्म मागितला तर तो आपल्याला मिळणारच नाही. पण आशिया-पॅसिफिक ट्रेड ॲग्रीमेंट, म्हणजे आप्टा, यात भारत आणि चीन दोघेही आहेत. त्यात काही वस्तूंना करात सवलत आहे. तुमची वस्तू त्या यादीत असेल तर आप्टाचं सर्टिफिकेट काढा. सवलतीचा फायदा खरेदीदाराला होतो, म्हणून भाव ठरवताना हा मुद्दा हातात ठेवा.

आता एचएस कोड, म्हणजे मालाच्या वर्गीकरणाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक. पहिले सहा आकडे जगभर सारखे, पुढचे प्रत्येक देशाचे आपापले. चीनमध्ये घोषणापत्रात १० आकड्यांचा कोड लागतो आणि त्यापुढे तपासणीसाठी आणखी ३ आकडे. आपल्या शिपिंग बिलावरचा, म्हणजे भारतीय कस्टमच्या निर्यात घोषणापत्रावरचा, ८ आकड्यांचा कोड जसाच्या तसा तिथे चालत नाही. पण पहिले सहा आकडे दोन्हीकडे जुळलेच पाहिजेत. कोडबद्दल मतभेद होण्यासारखी वस्तू असेल तर आयातदार जीएसीसीकडून आधीच निर्णय मागू शकतो. ही सोय १ फेब्रुवारी २०१८ पासून आहे आणि असा निर्णय ३ वर्षं चालतो. अर्ज आयातीच्या बराच आधी करावा लागतो. यंत्रांचे सुटे भाग आणि मिश्रणं पाठवणाऱ्यांनी तर हे करावंच.

७. बोटीत चढण्याआधीचे २४ तास

कंटेनर चीनला जाणाऱ्या बोटीत चढण्याच्या २४ तास आधी शिपिंग लाइनला मालाचा तपशील चीनच्या कस्टमला कळवावा लागतो. त्यात चिनी खरेदीदाराचा १८ अक्षर-अंकांचा सोशल क्रेडिट कोड लागतो. हा तिथल्या प्रत्येक कंपनीचा ओळख क्रमांक असतो. बुकिंग करतानाच तो मागून ठेवा, ऐनवेळी रात्री वीचॅटवर शोधाशोध होते. मालाचं वर्णन "फूड स्टफ" किंवा "स्पेअर पार्ट्स" असं मोघम लिहू नका.

८. माल पोचल्यावर घड्याळ सुरू होतं

आयातदाराने बोट पोचल्याची घोषणा झाल्यापासून १४ दिवसांत सिंगल विंडो या ऑनलाइन प्रणालीवर घोषणापत्र भरायचं असतं. उशीर झाला तर मालाच्या किमतीवर रोज ०.०५ टक्के दंड. तीन महिने कोणीच आलं नाही तर कस्टम माल विकून टाकू शकतं, आणि नाशवंत माल त्याही आधी. विक्रीतून खर्च आणि कर वजा जाऊन काही उरलं तर ते मागायला एक वर्ष मिळतं.

कराचा हिशेब समजून घ्या, म्हणजे खरेदीदार "ड्यूटी फार आहे" म्हणाला की तुम्हाला आकडा माहीत असेल. भाडं आणि विमा धरून मालाची किंमत १,००,००० युआन आणि आयातकर १० टक्के धरा. कर झाला १०,००० युआन. त्यावर व्हॅट सर्वसाधारण मालाला १३ टक्के, पण तो किंमत अधिक कर, म्हणजे १,१०,००० वर लागतो: १४,३०० युआन. एकूण २४,३०० युआन. बऱ्याच शेतमालाला व्हॅट ९ टक्के असतो. १ डिसेंबर २०२४ पासून चीनमध्ये नवा टॅरिफ कायदा लागू झाला, त्यानुसार घोषणापत्र पूर्ण झाल्यापासून १५ दिवसांत कर भरायचा. त्यानंतर रोज ०.०५ टक्के. आपल्या उदाहरणात ते रोजचे १२ युआन होतात, पण थकलेल्या करामुळे कंटेनर सुटत नाही आणि खरी झळ त्या थांबलेल्या कंटेनरच्या भाड्याची बसते.

९. तपासणीसाठी नाव निघालं तर

कोणता कंटेनर उघडायचा हे त्यांची जोखीम-निवड यंत्रणा ठरवते. नाव निघालं म्हणून घाबरू नका. आयातदाराने किंवा त्याच्या ब्रोकरने हजर राहायचं, माल हलवायचा, खोकी उघडायची, पुन्हा बांधायची, हा खर्च त्यांचा. गरज वाटली तर कस्टम त्यांच्या गैरहजेरीतही कंटेनर उघडू शकतं.

सील क्रमांक कागदाशी ताडून पाहतात, सील तोडतात, दारातली खोकी बाजूला करून आतून मधली काढायला लावतात. गोठवलेल्या मालाचं तापमान बघतात, वजन करतात, नमुना प्रयोगशाळेत पाठवतात. सल्फाइट, फॉस्फेट यांसारखे घटक चीनच्या जीबी २७६० या मानकाप्रमाणे तपासले जातात, कीटकनाशकांचे अंश जीबी २७६३ प्रमाणे. तुमच्या प्रयोगशाळेला हे क्रमांक सांगून चाचणी करून घ्या. युरोपसाठीचा अहवाल चांगला असला तरी चीनची मर्यादा वेगळी असू शकते.

ब्रोकरला सांगून ठेवा की तपासणीच्या नोंदपत्रावर सही करण्याआधी ते नीट वाच. तपासणी करताना कस्टमच्या हातून मालाचं नुकसान झालं तर प्रत्यक्ष नुकसानीची भरपाई द्यायची तरतूद त्यांच्याच कायद्यात आहे, पण ते त्या कागदावर नोंदलेलं असलं तरच पुढे काही मागता येतं.

माल नापास झाला तर दोष कसला आहे त्यावर पुढचं ठरतं. आरोग्याला धोका असेल तर माल नष्ट करायचा किंवा परत न्यायचा. लेबलासारखा दुरुस्त होणारा दोष असेल तर कस्टमच्या देखरेखीखाली दुरुस्ती करता येते. नापास झालेल्या खाद्यमालाची यादी जीएसीसी दर महिन्याला जाहीर करते, त्यात देश आणि उत्पादकाचं नावही असतं. ती यादी चाळत राहा, भारतातला माल कशासाठी अडतोय ते त्यातून आपोआप कळतं.

१०. कमी किमतीचं इन्व्हॉइस मागितलं तर

नाही म्हणा. खरेदीदार म्हणेल, "सगळे असंच करतात, कस्टमसाठी वेगळं बिल द्या." कस्टमकडे त्याच वस्तूच्या इतर आयातींच्या किमती असतात. शंका आली की ते आयातदाराला किमतीचा खुलासा मागणारी नोटीस देतात, उत्तराला मोजके कामाचे दिवस मिळतात, आणि समाधान झालं नाही तर किंमत स्वतः ठरवतात. माल सोडल्यानंतरही ३ वर्षांपर्यंत ते आयातदाराची हिशेबाची वही, करार, बँकेची नोंद तपासू शकतात. फसवून चुकवलेला कर कंपनीच्या बाबतीत २,००,००० युआन आणि व्यक्तीच्या बाबतीत १,००,००० युआनपर्यंत पोचला की मामला फौजदारी होतो. इथे आपल्या शिपिंग बिलावर एक किंमत, बँकेत दुसरी रक्कम, यातून आपल्याकडचा फेमाचा (परकीय चलन कायद्याचा) लोचा वेगळाच.

११. कस्टम माणसांशी काय करू शकतं

कायद्याच्या सहाव्या कलमात ही यादी आहे आणि चीनमध्ये कामासाठी राहणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने ती वाचलेली असावी. वाहन आणि माल तपासणं, पासपोर्ट आणि कागद बघणं, कराराची आणि हिशेबाची प्रत घेणं, संशयिताची चौकशी करणं. कस्टमच्या हद्दीत आणि ठरलेल्या सरहद्दीच्या भागात तस्करीच्या संशयावरून अंगझडती घेता येते आणि संशयिताला २४ तास, विशेष परिस्थितीत ४८ तासांपर्यंत अडकवून ठेवता येतं. पळणाऱ्या वाहनाचा पाठलाग करता येतो, शस्त्रही बाळगता येतं. १९९९ पासून कस्टममध्ये तस्करीविरोधी पोलिसांचं स्वतंत्र दल आहे आणि ते गुन्ह्याचा तपास करतं. हे दल चौकशीला आलं तर तो साधा कागदी प्रश्न उरलेला नसतो. वकील गाठा आणि भारतीय वकिलातीला कळवा. न समजणाऱ्या भाषेतल्या जबाबावर सही करू नका, दुभाषा मागा.

१२. स्वतः जाताना बॅगेत काय ठेवायचं

प्रदर्शनाला जाणारे व्यापारी आणि तिकडे एमबीबीएस करणारी आपली मुलं, दोघांसाठी. घोषित करण्यासारखं काही असेल तर लाल मार्ग, नसेल तर हिरवा. चीनबाहेर राहणाऱ्या प्रवाशाला चीनमध्येच ठेवून जायच्या वस्तू २,००० युआनपर्यंत करमुक्त. दारू दीड लिटर, सिगारेटी ४००. ५,००० अमेरिकन डॉलरपेक्षा जास्त किमतीचं परकीय चलन घोषित करायचं. चिनी चलन २०,००० युआनपेक्षा जास्त न्यायचं नाही.

खाण्याचं मात्र नीट ऐका. ताजी फळं आणि भाज्या, मांस, अंडी, बियाणं, माती यांना बंदी आहे. दूध, दही, लोणी, चीज हे यादीत नावानिशी आहेत. तूप आणि पेढे त्याच कुळातले, म्हणून आईने कितीही आग्रह केला तरी ते घरीच ठेवा. हापूसची पेटी तर नाहीच. भाजून दळलेले मसाले, मेतकूट, पापड यांचा यादीत उल्लेख नाही. अख्खी मोहरी किंवा मेथी बियाणं म्हणून धरली जाऊ शकते, ती नेऊ नका. औषधं स्वतःपुरती, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, मूळ पाकिटात. झोपेच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या असतील तर ही चिठ्ठी इंग्रजीत घ्या. आरोग्य घोषणापत्र भरायची सक्ती १ नोव्हेंबर २०२३ पासून नाही, पण ताप असेल तर स्वतःहून सांगायचं.

प्रदर्शनात दाखवून परत आणायचं यंत्र किंवा व्यापारी नमुने असतील तर एटीए कार्नेट, म्हणजे तात्पुरता माल कर न भरता नेण्या-आणण्याचा कागद, काढा. आपल्याकडे ते फिक्की देते आणि चीन २०१९ पासून व्यापारी नमुन्यांसाठीही ते मानतं. खाद्यपदार्थाचे नमुने कुरिअरने पाठवणार असाल तर नमुना म्हणून नियम शिथिल होत नाहीत, हे धरून चाला.

१३. निर्णय विरोधात गेला तर

आधी लेखी निर्णय मागा. फोनवरचं किंवा ब्रोकरचं सांगणं पुरेसं नाही. कराची रक्कम किंवा वर्गीकरण ठरायला वेळ लागणार असेल तर हमी भरून माल सोडवण्याची सोय कायद्यात आहे, नाशवंत मालाला ती फार उपयोगी पडते. निर्णय मान्य नसेल तर ६० दिवसांत वरच्या कस्टमकडे फेरविचाराचा अर्ज करता येतो. कोड, किंमत, मूळ देश, दर अशा कराच्या वादात ही पायरी सक्तीची आहे, कोर्ट त्यानंतर. वाद चालू असताना कर थकवू नका, त्यावरचा रोजचा आकार वाढतच जातो. कर जास्त भरला गेला असं नंतर लक्षात आलं तर नव्या टॅरिफ कायद्याप्रमाणे ३ वर्षांत परतावा मागता येतो.

हे अर्ज आयातदाराच्या नावाने होतात, तुमच्या नव्हे. म्हणून पहिल्या करारातच लिहून घ्या की कस्टमच्या प्रत्येक नोटिशीची प्रत तो तुम्हाला मिळाल्या दिवशी पाठवेल, आणि लेबल, नोंदणी, परवाना यांतल्या कोणत्या चुकीचा खर्च कोणाकडे. साध्या शंकेसाठी चीनमध्ये १२३६० ही कस्टमची हेल्पलाइन आहे. चिनी बोलणारा माणूस जवळ बसवून फोन लावा आणि घोषणापत्राचा क्रमांक समोर ठेवा, तो सगळ्यात आधी विचारतात.